प्रोसेसर थंड, तरी क्लॉक ८०० मेगाहर्ट्झवर

विंडोज दोनदा फॉरमॅट झालेलं, रॅम १६ ची ३२ जीबी केलेली आणि शेवटी साधा कूलर काढून २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर बसवलेला. एवढा खर्च होऊन हा गेमिंग पीसी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला तेव्हा तो पहिल्यापेक्षा जास्त अडखळत होता. कोअर आय७ १०७००एफ प्रोसेसर, एच४१० चिपसेटचा स्वस्तातला मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. पंधरा-वीस मिनिटं गेम झकास चालायचा, मग सेकंदाला शंभरच्या वर असलेले फ्रेम (पडद्यावरची चित्रं) एकदम १५ वर, दोन-तीन सेकंदांनी पुन्हा वर, पुन्हा खाली. "दादा, एकदा नीट फॉरमॅट मारून द्या," एवढंच पीसी घेऊन आलेल्या पोराचं मागणं.

आमच्या धंद्याला लागलेली ही फॉरमॅटची सवय मला खरंच छळते. चालू केल्याबरोबर पीसी रेंगाळत असेल तर हार्ड डिस्क, स्टार्टअपचे प्रोग्राम, ड्रायव्हर तपासा. पण वीस मिनिटं उत्तम चालून मग बसत असेल, तर पहिला संशय उष्णतेवर घ्यायचा. त्यासाठी विंडोज पुसायचं काहीच कारण नाही.

दुकानात तास उलटला तरी काही झालं नाही. एसी चालू, कॅबिनेटचं झाकण उघडं, नुसता गेम. इथंच आधीच्या लोकांनी "आमच्याकडे तर ठीक चालतंय" म्हणून पीसी परत दिला होता. त्याला विचारलं, घरी गेमसोबत आणखी काय चालू असतं? तर ओबीएस या प्रोग्रामवर स्क्रीनचं रेकॉर्डिंग, तेही एक्स२६४ एन्कोडरवर, म्हणजे व्हिडिओ बनवायचा सगळा भार प्रोसेसरवर. त्यात नागपूरचा मे महिना आणि खोलीत एसी नाही. खोली दहा अंशांनी जास्त गरम असेल, तर आतला प्रत्येक भागही जवळपास तेवढाच जास्त तापतो.

एसी बंद केला, झाकण लावलं, रेकॉर्डिंग सुरू केलं. आफ्टरबर्नर या प्रोग्रामनं वापर-तापमानाचे आकडे स्क्रीनवर घेतले आणि एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्रामला दर दोन सेकंदांनी फाइलमध्ये नोंद करायला लावलं. थोड्या वेळात तक्रार हजर. कार्डचा वापर ९७ टक्क्यांवरून ३५ वर आला, म्हणजे कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट पाहत होतं. प्रोसेसरचं तापमान फक्त ६४ अंश, कार्डचं ६८. तरी क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ४.६ गिगाहर्ट्झवरून थेट ०.८ वर! एचडब्ल्यूइन्फोत खाली प्रोसेसरचा वेग कशामुळे रोखला गेला त्या कारणांची यादी असते, ती सहसा कोणी उघडत नाही. तिथं 'व्हीआर थर्मल अलर्ट'समोर 'येस' आलं होतं.

तापत होता तो व्हीआरएम, म्हणजे मदरबोर्डवरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, आणि तो तापला म्हणून प्रोसेसरचा वेग पाडला जात होता. एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवण्याचं काम त्याचं. या भाराखाली प्रोसेसर १४५ वॉट ओढत होता, म्हणजे शंभरहून जास्त अँपिअर. हे रूपांतर करताना वीसेक वॉटची उष्णता व्हीआरएममधल्या नखाएवढ्या मॉस्फेटांमध्ये (वीज चालू-बंद करणाऱ्या चिपांमध्ये) उरते. छोटं सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच वॉटचं असतं. या बोर्डवर मॉस्फेटांना हीटसिंकच (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नव्हता. मल्टिमीटरची थर्मोकपल वायर (तापमान मोजणारी) उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपनं मॉस्फेटवर चिकटवली तर ११२ अंश. (न टेकवता लांबून तापमान मोजणारी आयआर गन इथं जपून वापरा. १२:१ ची गन १२ सेंटिमीटरवरून एक सेंटिमीटरच्या ठिपक्याची सरासरी सांगते आणि चकचकीत धातूवर तर चक्क कमी आकडा दाखवते.)

पंप, रेडिएटर सगळं व्यवस्थित होतं, पण बिघाड वाढवला तो लिक्विड कूलरनंच. इंटेलचा डब्यातला पंखा खाली बोर्डवर वारा मारतो आणि जाता जाता मॉस्फेटही थंड करतो. लिक्विड कूलर बसवला की तो वारा गेला. शिवाय काही बोर्डांचा बायोस (बोर्डचं स्वतःचं सेटिंग) कूलरचा प्रकार विचारतो आणि 'वॉटर कूलर' निवडलं की प्रोसेसरच्या पॉवरची मर्यादा थेट ४०९६ वॉट, म्हणजे जणू नाहीच, करून टाकतो. या बोर्डवर तेच झालेलं. ६५ वॉट रेटिंगच्या प्रोसेसरला मोकळं रान आणि उघडा व्हीआरएम.

बायोसमध्ये सतत ओढायच्या पॉवरची (लाँग ड्युरेशन) मर्यादा ९५ वॉट, थोड्या वेळापुरती (शॉर्ट) १२५ वॉट आणि त्याची वेळ २८ सेकंद ठेवली. मॉस्फेटांवर वारा पडेल असा ८० मिलिमीटरचा पंखा झिप टायनं बांधला. चिकटवायचे छोटे हीटसिंक मुद्दाम टाळले, उभ्या बोर्डवरून गरम होऊन सुटला तर थेट ग्राफिक्स कार्डवर पडून शॉर्ट करतो. ओबीएसमध्ये एक्स२६४ ऐवजी एनव्हीएन्क निवडलं. हा एन्कोडर कार्डात वेगळाच असतो, त्यामुळे प्रोसेसरवरचा भार उतरला. झाकण लावून, एसी बंद ठेवून पुन्हा तीच चाचणी: मॉस्फेट ७९ अंश, क्लॉक सगळा वेळ ४ गिगाहर्ट्झच्या वर.

मग त्यानं सांगितलं, अगदी सुरुवातीची तक्रार "रेकॉर्डिंग लावलं की गेम अडखळतो" एवढीच होती. म्हणजे ओबीएसमधला तो एकच पर्याय बदलायचा होता. रॅम विकणाऱ्यानं विचारलं नाही, कूलर विकणाऱ्यानंही नाही. विकलेला प्रत्येक भाग चांगला, बिलं पक्की, आणि तरी पोराचे पैसे वाया. याची चीड अजून जात नाही.

मनात एक शंका आहेच. मॉस्फेटांना खेटून असलेले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत आणि ते कित्येक आठवडे त्या धगीत भाजले गेले. फुगलेला एकही दिसला नाही, पण सॉलिड कपॅसिटर बहुतेकदा बाहेरून काही न दाखवता आतून कमजोर होतो. या सॉकेटचे नवे बोर्ड आता सहज मिळत नाहीत आणि जुन्या बाजारातल्याच्या पिना वाकलेल्या निघतात. त्याला एचडब्ल्यूइन्फोतली ती ओळ दाखवून ठेवली आहे. ९५ वॉटवरही तिथं 'येस' आलं, तर बोर्ड बदलायचा, दुसरं काही विकत घ्यायचं नाही.