बोट आवडली, पण ओढणार कोण?

लहानपणी देवगडच्या खाडीत काकांच्या होडीतून गरवायला जायचो, तेव्हा बोट निवडावी लागते हे ठाऊकच नव्हतं. होती ती होडी, आणि तिच्यात पाणी शिरलं की नारळाच्या करवंटीने उपसायचं. चाळिशीत, ओहायोत कोलंबसजवळ बसून, दोन बोटींपैकी कुठली घ्यावी यावर मी तीन महिने झोप घालवीन, हे काकांना सांगितलं असतं तर ते हसले असते.

लेक ईरी हे मोठं सरोवर आमच्या घरापासून दोन तासांवर. वॉलआय हा तिथला राजा मासा. काचेसारखे डोळे, तोंडात दात, आणि मांस इतकं घट्ट नि पांढरं की रवा लावून तळलं तर आमच्या आईनेही तक्रार केली नव्हती. फक्त ‘मीठ कमी वाटतं, गोड्या पाण्यातला ना’ एवढंच म्हणाली. सहा वर्षं मी कधी चार्टरच्या, म्हणजे भाड्याच्या, कधी मित्राच्या बोटीतून जात होतो. दुसऱ्याच्या बोटीत वेळ दुसऱ्याची असते, त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत स्वतःची घ्यायचं ठरवलं. नवी परवडणार नव्हती. शोधता शोधता दोन जुन्या बोटींवर गाडी अडली.

पहिली 19 फुटी, फायबरची. मधोमध उभं राहून चालवायची, चारही बाजूंनी फिरून गळ टाकता येतो ती जात. मागे 115 एचपीचं एव्हिनरूड ई-टेक इंजिन. किंमत साडेबारा हजार डॉलर. दुसरी 17 फुटी, ॲल्युमिनियमची, रिव्हेट मारलेली, खोल नाळेची. तिच्यावर 90 एचपीचं फोर-स्ट्रोक यामाहा. ही जास्त वापरलेली, दोन फुटांनी लहान, आणि तरी साडेतेरा हजार! हिशोब सरळ वाटत होता. मोठी बोट, मोठं इंजिन, कमी पैसे.

एव्हिनरूडचं उत्पादन 2020 मध्ये बंद झालं, म्हणून ती स्वस्त असणार हे मला कळत होतं. पण ज्यांच्याकडे ती इंजिनं आहेत ते त्यांच्यावर जीव टाकतात, आणि हे इंजिन पहिल्याच चावीला सुरू झालं. म्हणजे भीती इंजिनाची नव्हती, पुढे त्याचे सुटे भाग शोधत फिरण्याची होती. तीही मी बाजूला ठेवली, कारण बोट मला आवडली होती. आवडलेल्या वस्तूचे दोष माणूस कसे बाजूला ठेवतो, ते लग्न जमवणाऱ्यांना विचारा.

आमच्या घरात तेव्हा एकच प्रश्न विचारला गेला, तोही भाजी चिरता चिरता. बायको म्हणाली, ‘अरे, पण आपली सिएना ओढेल का ती?’ मी म्हटलं, मिनीव्हॅन आहे, साडेतीन हजार पौंडांपर्यंत ओढते, बघू. त्या ‘बघू’वर मी दीड महिना काढला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही बोटी पाण्यात बघितल्या. ईरी हे इथल्या पाचही मोठ्या सरोवरांत, म्हणजे ग्रेट लेक्समध्ये, सगळ्यात उथळ, आणि पश्चिमेकडच्या भागात तर सरासरी खोली जेमतेम 24 फूट. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि लागोपाठ येतात. समुद्राची लाट तुम्हाला उचलते, खाली ठेवते, मध्ये श्वास घेऊ देते. ईरीची लाट दारावर थापा मारणाऱ्या वसुलीवाल्यासारखी, एक संपायच्या आत दुसरी. त्या दिवशी ईशान्येचा वारा होता आणि लाटा दोन फुटांच्या.

फायबरच्या बोटीने त्या लाटा लोण्यासारख्या कापल्या. जड बूड, आवाज कमी, पाय डेकवर घट्ट. माझ्या हातात स्टिअरिंग होतं आणि मनात मी पैसे देऊन मोकळा झालो होतो. दुपारी ॲल्युमिनियमची चालवली. ती प्रत्येक लाटेवर पत्र्याच्या डब्यासारखी वाजली, तोंडावर गार पाण्याचा फवारा आला, आणि वेग कमी केल्याशिवाय बोलताही येईना.

मग दोन्ही बोटी ट्रेलरवर असताना नीट तपासल्या. मासेमारीच्या सामानाच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्याने मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. फायबरच्या बोटीत मागच्या फळीच्या, म्हणजे जिच्यावर इंजिन लटकतं त्या भागाच्या, पोटात बहुधा प्लायवूड असतं. एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं तरी ते कुजत जातं, वरून काही दिसत नाही. म्हणून प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करत जायचं. चांगल्या ठिकाणी आवाज टणक येतो, कुजलेल्या ठिकाणी भद्द. मी डावीकडून सुरुवात केली. टक, टक, टक. खाली उजव्या कोपऱ्यात, फिशफाइंडरचा, म्हणजे मासे शोधायच्या यंत्राचा, सेन्सर बसवला होता तिथे, आवाज बसला. सेन्सरचा एक स्क्रू मालकाच्या परवानगीने काढला. भोकातून थेंब आला. चहाच्या रंगाचा. तो फळीवरून हळूहळू ओघळत खाली गेला आणि आम्ही दोघेही त्याच्याकडे बघत राहिलो. मालक म्हणाले, ‘कालचा पाऊस असेल.’

इंजिन वर उचलून त्याचं खालचं टोक धरून जरा हलवलं. फळी वाकली नाही. म्हणजे कूज असली तरी अजून थोडी होती. मी स्वतःला समजावलं की दोन-तीन हजार डॉलर कमी करून घेऊ आणि फळी दुरुस्त करू.

ॲल्युमिनियमच्या बोटीला उलटी परीक्षा. ट्रेलरवर असतानाच आत बागेच्या पाइपने चारेक इंच पाणी भरायचं आणि खाली वाकून बघायचं. दोन रिव्हेटमधून पाणी ठिबकलं, अगदी सावकाश. ते बाहेरून दिसतं, मोजता येतं, दुरुस्त होतं. इंजिनाच्या तळाचं गिअर तेल काढलं, ते स्वच्छ होतं. दुधाळ निघालं असतं तर आत पाणी गेलंय असं समजायचं, आणि इथल्या हिवाळ्यात ते गोठलं की कवच तडकतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत भरलं. पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं फिरणारं चाक, मात्र कधी बदलला होता ते मालकांना आठवेना. त्याचे आणि रिव्हेटचे मिळून तीनशे डॉलर कमी झाले.

तरीही माझं मन 19 फुटीवरच. शेवटी वजनाचा निकाल लावू म्हणून मालकांना विचारलं, आणि त्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःच्या पिकअपने बोट हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या काट्यावर आणली. चिठ्ठीवर ट्रेलरच्या चाकांखालचं वजन 3,420 पौंड. ‘बघा, साडेतीन हजारांच्या आतच आहे!’ ते खूश. मीही क्षणभर खूश. मग लक्षात आलं की ट्रेलरचा पुढचा भार त्यांच्या गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या आकड्यावर, आहे, तो या आकड्यात नाहीच. तो साधारण दहावा हिस्सा धरला तरी बेरीज 3,800 च्या आसपास जाते. शिवाय पेट्रोलची टाकी अर्धीच होती. पेट्रोल गॅलनला सहा पौंड भरतं, म्हणजे उरलेले 20 गॅलन आणखी 120 पौंड. त्यात गाडीत आम्ही चौघे, बर्फाची पेटी, नांगर. सिएनाची पुढची चाकं बोट उतरवायच्या शेवाळलेल्या उतारावर, रॅम्पवर, फिरत राहिलेली मला डोळ्यासमोर दिसली. ॲल्युमिनियमची बोट ट्रेलर, टाकी धरून अडीच हजारांच्या आत.

घरी आल्यावर बायकोला चिठ्ठी दाखवली. ती ‘हं’ म्हणाली.

नवी गाडी घेऊन 19 फुटी ओढावी, असाही एक विचार दोन दिवस केला. मग साडेबारा हजारांची बोट पन्नास हजारांना पडते हे कागदावर लिहिलं आणि कागद फाडला. खरं तर मला वर्षातून ईरीवर दहा-बारा रविवार मिळतात. बाकी संध्याकाळी अलम क्रीकच्या तलावावर, अर्ध्या तासावर, तेही बहुतेक एकट्याने. एकट्याला ट्रेलरवरून उतरवता-चढवता येईल अशीच बोट पाण्यात जाते. दुसरी ड्राइव्हवेवर ताडपत्रीखाली उभी राहते. अशा दोन तर माझ्याच गल्लीत आहेत.

17 फुटी घ्यायची ठरली, तर कागदांनी छळलं. ओहायोत 14 फूट किंवा त्याहून लांब बोटीला टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, लागतो, आणि 10 एचपी किंवा त्यावरच्या आऊटबोर्डला, म्हणजे मागे लटकणाऱ्या इंजिनाला, वेगळा. मालकांनी मध्यंतरी इंजिन बदललं होतं, पण टायटल अजून जुन्या इंजिनाचंच. इंजिनाच्या कंसावरच्या पट्टीवरचा नंबर मी मोबाइलमध्ये टिपून आणला होता म्हणून काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीच्या खिडकीवर ते कळलं. पैसे देऊन मोकळा झालो असतो तर इंजिन माझ्या नावावर कधी झालं असतं, देव जाणे. त्यांना जुनी पावती सापडायला तीन आठवडे गेले. तेवढ्यात मी सक्तीचा बोटिंगचा कोर्स उरकला. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो लागतो. मी 1984 चा.

जूनमध्ये ईरीकाठच्या मार्बलहेडला गेलो होतो. सकाळी पाच वॉलआय मिळाले, कायद्याने माणशी सहा चालतात, किमान 15 इंचांचे. दहाच्या सुमाराला वारा फिरला, लाटा तीन फुटांच्या झाल्या आणि पत्र्याचा डबा वाजायला लागला. मी वळलो. रॅम्पवर बोट ट्रेलरवर ओढून घेत होतो, तेव्हा शेजारून एक मोठी पिकअप मागे मागे आली. तिच्या मागे ती, 19 फुटी. तरुण माणूस, बरोबर दोन मित्र. पाच मिनिटांत ते पाण्यात, आणि त्या लाटांतून सरळ बाहेर, मी ज्या पाण्यातून परत फिरलो होतो त्याच्याही पुढे.

बायकोने थर्मासमधून चहा ओतला. मी मात्र बोट रॅम्पवरून खाली जाताना तिच्या मागच्या फळीकडेच बघून घेतलं होतं. उजव्या कोपऱ्यात सेन्सर नव्हता. त्याच्या जागी पांढऱ्या सिलिकॉनचा नवाकोरा ठिपका होता, बोटाने दाबून बसवलेला.