तुम्ही विचारलंत म्हणून : नुसती चित्रं बघून लिहायला कसं येणार?

"टीचर, हांगा सगळीं चित्रांच. बरप खंय?"

मुलीची वही उघडी धरून एक आई शाळेच्या दारात उभी राहते आणि हे विचारते. लिहिलेलं कुठं आहे? दरवर्षी जून-जुलैत कोणी ना कोणी विचारतंच. शेजारच्या शाळेतल्या नव्या शिक्षिकाही विचारतात. चित्रांच्या पुस्तकांनी वाचनाची गोडी लागते हे त्यांना पटतं, पण लेखन कसं येणार, असं त्यांचं म्हणणं असतं. प्रश्न रास्त आहे. दारात उभ्या-उभ्या त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी शाळा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. १९६१च्या गोवामुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतलीच एक. पहिली ते चौथी मिळून सध्या ११ मुलं आहेत, सगळी एकाच वर्गात. घरी बहुतेकांची कोंकणी, दोघांच्या घरी कन्नड. पाठ्यपुस्तक मराठी.

आता एक पान सांगते. वर्गातल्या एका पुस्तकात शब्द एवढेच आहेत : 'आजी दुपारची झोपली होती.' चित्रात आजी झोपली आहे आणि मागच्या अंगणात शेळी दोरीवरचं लुगडं चघळते आहे. शब्दांत शेळी नाहीच. मी वाक्य वाचून गप्प बसले. क्षणभरात चारपाच जण एकदम ओरडले, "टीचर, बोकडी कापड खाता!" मी म्हटलं, "मग पुस्तकात तसं का नाही लिहिलं?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दुसरीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "आजीला माहीत नाही."

हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. तिनं ते वहीत उतरवलं, खाली शेळी काढली. तिचं ते पहिलं लिखाण. आजीला माहीत नाही, आपल्याला मात्र माहीत आहे, हे त्यात आहे. कोणाला काय ठाऊक आहे, काय सांगायचं आणि काय वाचणाऱ्यावर सोडायचं, ही लेखनातली सगळ्यात अवघड गोष्ट. ती तिला सात वर्षांची असताना, एका चित्रामुळे कळली. तिच्या वहीत त्या दिवशी तीनच शब्द होते आणि आईला ते कमी वाटले, हे मी समजू शकते.

याच मुलीला मी 'माझी गाय' लिहायला सांगितलं असतं, तर तिनं काय लिहिलं असतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गाय हा पाळीव प्राणी आहे. गायीला चार पाय असतात. जिच्या गोठ्यात रोज गाय उभी असते ती मुलगीसुद्धा हेच लिहिते. आपली गाय पहिल्या पावसात गोठ्यात शिरायला तयार नसते, हे तिला सांगावंसं वाटत नाही, कारण ते निबंधात बसतं हे तिला कोणी दाखवलेलंच नसतं. सांगण्यासारखं काही जवळ नसताना लिहायला लावलं की मुलं पाठ केलेलं लिहितात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पहिली काही वर्षं मीही तेच करवून घेतलं.

गिरवणं मी बंद केलेलं नाही, हेही सांगून ठेवते. ग म भ न, वळण, पेन्सिलची पकड हे सगळं हवंच, रोज थोडा वेळ हवं. पण ते हाताचं शिक्षण आहे. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं खेळ, चित्र आणि लेखन ही एकाच वाटेवरची ठिकाणं मानली. जशी वस्तू काढता येते तसं बोलणंही कागदावर काढता येतं, हा शोध मुलाला लागावा लागतो, असं त्यानं मांडलं. हा शोध मी वर्गात बघितला आहे. एका मुलानं पावसाच्या तिरक्या रेघा काढल्या आणि त्यांच्याच शेजारी 'धो धो' लिहिलं, तेही तिरकं. त्याच्या लेखी दोन्ही पाऊसच होते.

वर्गात मी काय करते? पहिल्या दिवशी पुस्तकातला मजकूर कागदाच्या पट्टीनं झाकते. मुलं फक्त चित्रं बघतात आणि सांगतात. ती जे बोलतात ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिते, कोंकणी असेल तर कोंकणीत. 'माजर झाडार चडलें.' त्याखाली मराठी, 'मांजर झाडावर चढलं.' दुसऱ्या दिवशी पट्टी काढते आणि लेखकानं काय लिहिलंय ते वाचतो. तेव्हा खरी चर्चा होते. "आमचं बरं होतं," असं कधी कधी मुलं म्हणतात, आणि कधी कधी ते खरंही असतं.

ते दोन ओळींचं लिहिणं आमच्याकडे फार उपयोगी पडतं. आमची मुलं 'चडला', 'दूद', 'वाग' असं लिहितात. बाहेरून आलेल्यांना वाटतं, मुलं शुद्धलेखनात कच्ची आहेत. पण कोंकणीत दूद आणि वाग असंच म्हणतात, असंच लिहितात. मूल कानाला ऐकू आलं ते अगदी प्रामाणिकपणे लिहितं आहे. चूक म्हणून लाल रेघ मारली तर ते घरचं बोलणं लपवायला शिकतं आणि लिहिणंच टाळतं. दोन ओळी शेजारी दिसल्या की त्यांचं त्यांनाच कळतं, इथं 'ध' लागतो. चित्राला भाषा नसते, म्हणून दोन्ही भाषा त्याच्याखाली भांडण न करता बसतात.

पान उलटण्याबद्दल मात्र मला थोडं जास्त सांगायचं आहे. लहान मुलाची गोष्ट 'मग'वर चालते. मग मी गेलो, मग तो आला, मग आम्ही खेळलो. चांगल्या चित्रपुस्तकात उजव्या पानाच्या शेवटी काहीतरी अर्धवट राहतं आणि पान उलटावंसं वाटतं. मी तिथं मुद्दाम थांबते, बोट पानाच्या कोपऱ्यावर ठेवते. असं कितीतरी वेळा झाल्यावर तिसरीतल्या एका मुलानं स्वतःच्या पुस्तिकेत लिहिलं, 'मी आंबे मोजले. दहा होते. पण'. 'पण' पानाच्या अगदी शेवटी, एकटा. उलटलं तर पुढच्या पानावर माकड, त्याच्या पायाशी दोन बाठे, आणि खाली दोनच शब्द : 'आता आठ.' माकडाबद्दल अक्षरही नाही. व्याकरणात 'पण'ला न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणतात. ते नाव त्याला पुढं कधीतरी कळेल. त्याचं काम काय ते त्याला आजच कळलं आहे.

सगळीच चित्रांची पुस्तकं चालत नाहीत. 'अ अननसाचा' हा तक्ता झाला, त्यात सांगायला काही उरत नाही. शब्दांत 'लाल फुगा' आणि चित्रात लाल फुगा, हेही तसंच. गुळगुळीत कागद आणि भडक रंग बघून घेऊ नका. चित्रात असं काहीतरी आहे का, जे शब्द सांगत नाहीत, एवढंच बघा.

पुस्तकं महाग पडतात हे मला माहीत आहे. पणजीला कामानिमित्त गेलात तर कदंब बसस्टँडजवळ पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. १८३२ पासूनची ही संस्था आहे आणि तिथं मुलांसाठी वेगळा विभाग आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. मी बरीच तशीच छापून आणली आहेत.

आणि काही पुस्तकं आम्ही स्वतः केली. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीनंतर प्रत्येकानं आपल्या घरच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या सजावटीचं, पुस्तक केलं. नारळ, चिबूड, आंबाडे, तोरिंजन. चित्रं सगळ्यांची जवळजवळ सारखीच होती, लिहिणं मात्र वेगळं. कवंडळाच्या लालभडक फळाखाली एकीनं लिहिलं होतं, 'हे खायचं नाही. नुसतं टांगायचं.' पहिलीतली मुलं आता हीच पुस्तकं वाचायला मागतात, विकतची मागे पडली आहेत.

घरी करायचं असेल तर साधा कागद पुरे. तो तीनदा अर्धा-अर्धा दुमडा. उघडला की आठ चौकोन दिसतील. आता आखूड बाजू जुळवून एकदाच दुमडा आणि बंद कडेकडून मधल्या घडीवर निम्म्यापर्यंत कात्री चालवा. उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला, की पुस्तिका तयार. टाचणी, डिंक काही लागत नाही. पुढचं पान नावाचं, मागचं कोरं, आत सहा पानं. आधी मुलीला चित्रं काढू द्या, मग ती काय म्हणते ते ऐका. ती म्हणेल त्यातलं एखादं वाक्य तिच्या हातानं लिहू द्या, चडला तर चडला. एखाद्या पानावर तिनं काहीच लिहिलं नाही तर लगेच भरायला सांगू नका. आधी चित्र नीट बघा, तिथं शेळी असेल.