औशाच्या पुढच्या सावल्या

मे महिन्यात सायकलवर निघालेल्या माणसाला अंतर विचारू नये. सकाळी नऊपर्यंत तो किलोमीटरमध्ये सांगेल, त्यानंतर झाडांमध्ये. किल्लारी किती राहिली? दोन कडुनिंब आणि एक चिंच. चिंच अजून उभी असेल तर.

लातूरहून औसा वीस किलोमीटर, तिथून लामजना आणि पुढे किल्लारी. जाऊन-येऊन ऐंशीच्या वर. थंडीत याचं कुणाला कौतुक वाटत नाही आणि वाटूही नये. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र तेवढ्याच रस्त्यासाठी निघताना घरातून "टोपी घेतली का?" याच्या आधी "विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत?" असं विचारलं जातं. मी पहाटे पाचलाच सटकतो. त्या वेळी लातूरच्या मुख्य बाजारपेठेतून, गंजगोलाईतून, फुटणारे सोळाच्या सोळा रस्ते रिकामे असतात आणि त्यातला कुठलाही धरावा असं वाटतं. दिवसा हीच गोलाई ओलांडायला पुढच्या जन्माचं पुण्य लागतं.

औशात सुशीला खायची. मुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीला टाकायचे, वर डाळव्याचं कूट आणि शेजारी तळलेली मिरची. पोह्यांपेक्षा ती पोटाला हलकी पडते आणि सायकलवर दोन तास पुरते, हा माझा अनुभव. पोहेवाल्यांशी मी वाद घालत नाही. औशाचा किल्ला भुईकोट आणि खोलगट जागेत बसलेला, चारी बाजूंची जमीन त्याच्याहून उंच. किल्ल्यावरून लांबचा माणूस दिसायचा, लांबच्या माणसाला किल्ला दिसायचा नाही. लष्करी दृष्ट्या हे थोरच असणार. सायकलवाल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की किल्ला बघून बाहेर पडताना चढ लागतो.

खरी गंमत नऊनंतर सुरू होते. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, हातभर ढेकळं, बांधाला तुराट्यांचे ढीग. हिरवं म्हणावं तर मधूनच उसाचा एखादा तुकडा. काळी जमीन वरून तापते आणि खालून शेक देते. डांबर मऊ पडायला लागतं आणि टायरखालून चर्र चर्र असा आवाज सुरू होतो. घाम मात्र दिसत नाही. इथली हवा इतकी कोरडी की चालत्या सायकलवर घाम आला काय नि उडून गेला काय, पत्ता लागत नाही. शर्टाच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात तेव्हा कळतं, किती गेलं ते. थांबलं की मात्र कपाळावरून धारा लागतात. त्यामुळे थांबायचं तर नीट सावलीत, नाहीतर थांबूच नये.

आणि सावली-सावलीत फरक असतो. मोटारीत बसणाऱ्याला तो कधी कळणार नाही. पहिला मान कडुनिंबाचा. दाट, पण हवा खेळती ठेवणारी सावली. मेमध्ये हिरव्या लिंबोळ्या टपटपतात तेवढाच त्रास. चिंचेची सावली त्याहून गार, पण तिच्याखाली आडवं झालं की कुठून तरी एखादं म्हातारं माणूस येतं आणि उठवतं. चिंचेखाली झोपू नये, म्हणे. कारण विचारलं तर ‘झोपू नये’ हेच कारण. शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते आंबटपणासाठी असेल, सावलीसाठीही द्यायला हरकत नव्हती. बाभूळ अर्धं ऊन खाली सोडते आणि वर काटे देते. गुलमोहर लांबून बघण्यासाठी. वड उत्तम, पण वडाखाली आधीच चारजण बसलेले असतात आणि मग विश्रांती होत नाही, चौकशी होते. निलगिरीबद्दल मी बोलणार नाही.

झाड नसलं की माणूस मिळेल त्या सावलीवर भागवतो. बसथांब्याचा पत्रा, उभा ट्रॅक्टर. एकदा तर कुण्या नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली मी बिस्किटाचा पुडा संपवला. फ्लेक्सवर हात जोडलेले सत्तावीस शुभेच्छुक होते. त्यांच्यापैकी कुणाचा आपल्याला इतका थेट उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. सकाळी विजेच्या खांबाची सावलीसुद्धा हिशेबात धरता येते, आडवी रस्त्यावर पडलेली असते, क्षणभर अंगावरून जाते. दुपारी तीही आशा संपते. लातूरच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, बारा-वीसच्या सुमारास. शून्य सावली. शाळेतली मुलं अंगणात उभी पाइप ठेवून टाळ्या वाजवतात. मी त्या वेळी लामजन्याच्या पुढे होतो. खांबाची सावली खांबाच्या बुडात गेलेली, आणि माझी कुठे गेली ते बघायला सायकल थांबवणं शहाणपणाचं नव्हतं.

राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत लातूरचं नाव कायम असतं. त्यामुळे आमच्याकडे जंगल म्हणजे रस्त्याकडेची झाडं. तुळजापूरहून औसा, लातूर, नांदेड करत नागपूरकडे जाणारा महामार्ग रुंद झाला, गुळगुळीत झाला. गाडीवाले खूश आहेत. मीही गाडीत असतो तेव्हा खूश असतो. पण जुनी झाडं त्यात गेली आणि बदल्यात मधल्या दुभाजकात कण्हेर आली. कण्हेरीच्या सावलीत फार तर सरडा बसेल.

पाण्याची काळजी मात्र या रस्त्याला करू नये. कुठल्याही दारात बाटली पुढे करा, कुणी नाही म्हणत नाही. फक्त ग्लासात अर्धं पाणी ठेवून उठू नका. लातूरकरांनी २०१६ चा उन्हाळा पाहिला आहे. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून शहराला पाणी आलं. त्या वेळी ज्यांनी रात्री घागरी रांगेत लावल्या त्यांच्या डोळ्यांदेखत ग्लासातलं उरलेलं पाणी मोरीत ओतणं म्हणजे ताटातली भाकरी फेकण्यासारखं आहे.

लामजना पाटीवर पंक्चर काढून घेतलं. सराटा. काटेरी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, आणि कसाही पडला तरी एक टोक वर ठेवूनच. पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात फिरवत नेहमीचा सल्ला दिला, "उन्हाळ्यात हवा कमी ठिवा, टायर फुटतंय." टायर तीसेक अंशांनी तापलं तरी आतला दाब दहाएक टक्केच वाढतो आणि चांगलं टायर एवढं सहज सोसतं. कमी हवेनंच उलट ट्यूब चेमटते. पण हे मी त्याला सांगितलं नाही. पंक्चर तो काढत होता.

किल्लारीत दोन-तीन तास काढायचे, हे ठरलेलंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते, तेव्हा ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाबद्दल मराठवाड्यात नव्यानं सांगायला नको. त्यानंतर लातूर आणि धाराशिवकडची मिळून ५२ गावं नव्या जागी वसवली. सरळ रेषेतले रुंद रस्ते, ओळीत घरं. रस्ता रुंद असला की ऊनही सरळ आत येतं. मात्र दारादारात कडुनिंब आहेत आणि तीस वर्षांत ते चांगले डेरेदार झालेत. अशाच एका निंबाखाली बाजेवर लसूण सोलत बसलेल्या आजींनी हाक मारली.

"कुठं निघालाव उन्हाचं? बसा की."

बसलो. त्यांनी तांब्या दिला, मग सायकलकडे बघून हळू आवाजात विचारलं, "गाडी इकलाव का?" नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. मग विषय उकाड्यावर आला. जुन्या घराचं माळवद होतं. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडांवर पांढऱ्या मातीचा थर, दरवर्षी पावसाच्या आधी नवी माती टाकायची.

"माळवदात मे म्हैन्यात बी पहाटं वाकळ लागायची बघा," आजी म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता फॅन हाय. लाईट आसली की." त्यांनी लसणाची एक पाकळी नखानं फोडली, साल फुंकून टाकली. "उकडतंय. पन झोप लागती."

माळवद इतकं गार का, ते मी पुस्तकात वाचलेलं होतं. जड माती तापायला वेळ लागतो, दिवसभराचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. त्या रात्री माणसं गाडली गेली तीही त्याच जडपणाखाली. हे मी बोललो नाही. आजींनी लसणाची परात माझ्याकडे सरकवली आणि मीही सोलायला लागलो, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तुमच्यानं न्हाई व्हायचं." खरं होतं.

साडेतीनला निघालो. परतीला डाव्या अंगानं गरम वारं होतं, एका रानातून उठलेली वावटळ रस्ता ओलांडून दुसऱ्या रानात गेली. औशाच्या अलीकडे रसवंती दिसली. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते, आणि ते वाजत असताना पुढे जाणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. रसवाला पंचविशीतला असेल. त्यानं लिंबू आणि आलं घालून ऊस दुमडून पुन्हा चरकात घातला आणि चौकशी सुरू केली. कुठून, कुठं, सायकल कितीची. किंमत थोडी कमी करूनच सांगितली, तरी त्यानं "तेवढ्यात जुनी हीरो होंडा येती" हे ऐकवलंच.

"मग ह्येचे पैसे किती भेटतेत तुमाला?"

"कशाचे?"

"ह्ये चालवायचे. कंपनी देती का?"

"कुणीच देत नाही."

त्यानं चरक बंद केला. "कायच न्हाई? आन् वर रस बी तुमच्याच पैशानं?"

मी शंभराची नोट पुढे केली. त्यानं ती उजेडात धरून नीट बघितली आणि मगच सुट्टे परत दिले.