अंगठा दिसेपर्यंत

विमानाला डावीकडे वळवायचे असेल तर मी माझा उजवा हात आडवा, ताठ धरतो आणि डाव्या हाताने बोलावल्यासारखे करतो. उतरलेल्या विमानाला हातांच्या खुणांनी त्याच्या जागेवर आणून उभे करणारा मी मार्शलर. नऊ-दहा वर्षे हे काम करीत असूनही नव्या मुलांना शिकवताना या एका वाक्यापाशी मला दरवेळी थांबावे लागते, कारण मी विमानाकडे तोंड करून उभा असतो आणि वैमानिक माझ्याकडे तोंड करून बसलेला असतो. त्याचे डावे ते माझे उजवे. हे नुसते पाठ करून टिकत नाही, ऐन वेळी डोके उलटे चालते. म्हणून मी मुलांना सांगतो की आडवा हात ज्या बाजूला, त्या बाजूला विमान वळणार, आणि हलणारा हात दुसऱ्या बाजूच्या पंखाला ‘तू पुढे ये’ असे म्हणतो आहे. माझे आजोबा चिखळणीच्या वेळी खाचराच्या कोपऱ्यात औत वळवताना आतल्या बैलाला रोखून धरीत आणि बाहेरच्याला हाकीत, अगदी तसेच. हात जितका भरभर हलेल तितके वळण अधिक घ्यायचे, हेही त्यातच आले. हे एकदा अंगात उतरले की डावे-उजवे असा विचार मनात येतच नाही.

मी पनवेलजवळच्या करंजाड्याला राहतो. नवी मुंबई विमानतळासाठी जी 10 गावे उठली, त्यांतल्या एका गावात आजोबांचे घर आणि भातखाचरे होती, आणि उलव्याची टेकडी आमच्या ओटीवरून दिसत असे. ती टेकडी सुरुंग लावून कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि आता तेथे 3,700 मीटर लांबीची धावपट्टी आहे. 11 ऑक्टोबर 2024 रोजी हवाई दलाचे सी-295 विमान तिच्यावर उतरले, त्याचे चित्रण मी आजीला मोबाइलवर दाखवले, तेव्हा तिने विमानाकडे कमी आणि मागच्या डोंगराच्या रेघेकडे जास्त पाहिले. 25 डिसेंबर 2025 पासून येथून प्रवासी विमाने सुरू झाली आणि मुंबईच्या विमानतळावर नऊ वर्षे काढून मी घराजवळ कामाला आलो. जमिनी गेल्याचा हिशेब हा वेगळा आणि मोठा विषय आहे; आमच्या भागातल्या माणसांनी तो 1984 च्या जासईच्या शेतकरी लढ्यापासून फार मोठी किंमत देऊन मांडला आहे, आणि तो येथे दोन वाक्यांत उरकणे मला बरे वाटत नाही. आज मला माझ्या कामाविषयी लिहायचे आहे, कारण त्याबद्दल लोकांचा एक समज आहे आणि तो मला खटकतो. ‘हात दाखवायचे काम’ असे त्याला सगळे म्हणतात. हात दाखवणे हा त्या कामाचा लहान भाग आहे.

विमान बेवर, म्हणजे ते उभे करायच्या जागेवर, येण्याच्या बरेच आधी काम सुरू होते. बेच्या जमिनीवर खिळा, वॉशर, सामानाच्या बॅगेचे तुटलेले चाक, प्लॅस्टिकचा तुकडा असे काही पडले आहे का, हे चालत जाऊन डोळ्यांनी पाहावे लागते, कारण इंजिन यातले काहीही आत ओढू शकते. शिडी, बॅगांच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टर हे सारे लाल रेषेच्या मागे आहे ना, हे बघायचे. मग येणारे विमान कोणते आहे याची खात्री करायची, कारण पिवळ्या मध्यरेषेवर प्रत्येक प्रकारासाठी थांबण्याची खूण निराळी असते; ए-320 साधारण साडेसदतीस मीटर लांब आणि ए-321 साडेचव्वेचाळीस मीटर, म्हणजे चुकीच्या खुणेवर थांबवले तर एरोब्रिज, म्हणजे प्रवाशांना इमारतीतून विमानात नेणारा पूल, दारापर्यंत पोचणार नाही किंवा शेपटी मागच्या मार्गात राहील. या आकाराच्या विमानाचा पंख आणि शेजारची वस्तू यांत किमान साडेचार मीटर अंतर असावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कागदावर हे अंतर पुष्कळ वाटते. छत्तीस मीटर रुंदीचा पंखविस्तार घेऊन विमान अंगावर येऊ लागले की ते अंतर हातभर दिसते, म्हणूनच जेथे जागा अडचणीची असते तेथे दोन्ही पंखांच्या टोकांजवळ पंखावर नजर ठेवणारा एकेक माणूस, विंगवॉकर, उभा करतात.

सगळे ठीक आहे हे पाहिल्यावर मी दोन्ही वँड, म्हणजे खुणा करायच्या हातातल्या कांड्या, सरळ डोक्यावर उभे धरतो. ‘तुझी जागा ही, माझ्यासमोर ये’ असा त्याचा अर्थ. विमान टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीपासून बेपर्यंतच्या वाटेवरून, वळते, पुढचे चाक पिवळ्या रेषेवर येते आणि मी कोपरातून हात वाकवून छातीपासून डोक्यापर्यंत वर-खाली हलवू लागतो. माझी नजर त्या चाकावर असते, मधूनमधून एका पंखावरून दुसऱ्या पंखावर जाते आणि परत चाकावर येते. अखेरच्या काही मीटरांत हात कमरेपासून गुडघ्यापर्यंत थोपटल्यासारखे खाली नेतो, म्हणजे वेग कमी कर. मग दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर नेतो आणि चाक खुणेवर आले त्या क्षणी वँड डोक्यावर एकमेकांना छेदतात. विमानाचे नाक किंचित खाली बसते आणि पुन्हा वर येते. साठ-सत्तर टनांचे धूड माझ्या हातांच्या फुलीपाशी थांबते आणि मला प्रत्येक वेळी, अजूनही, पायाखालच्या काँक्रीटमधून ते थांबणे जाणवते.

प्रवाशांना वाटते की येथे काम संपले. माझ्या मते खरे काम येथे सुरू होते. मी एक हात खांद्याच्या वर उचलतो, पंजा उघडा ठेवतो, काचेआडच्या माणसाच्या डोळ्यांत पाहतो आणि मूठ मिटतो: पार्किंग ब्रेक लाव. आता मला जागचे हलायचे नाही. काचेवर आकाशाचे प्रतिबिंब असते, उन्हाची तिरीप असते, आत दोघे वैमानिक आपापल्या तपासणीच्या याद्या वाचत असतात. त्यांच्यापैकी एकाचा अंगठा वर दिसेपर्यंत मी मूठ मिटून उभा असतो. कधी दोन सेकंद, कधी दहा. मागे बॅगा उतरवणारी मुले ताटकळलेली असतात, शिडीवाला इंजिन चालू ठेवून माझ्याकडे पाहत असतो, आणि तरीही अंगठा दिसल्याशिवाय मूठ खाली आणायची नाही.

हे मला शिकवणारे एक वरिष्ठ होते, त्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, “अरे, खूण केलीस म्हणजे पोचली असे नसते. त्याने उत्तर दिले की मग पोचली. तोवर तू हवेत हात हलवतो आहेस.” मी 2016 साली रुजू झालो. त्याच्या काही महिने आधी, 16 डिसेंबर 2015 च्या रात्री, मुंबई विमानतळावर निघण्याच्या तयारीत असलेल्या एका विमानाच्या इंजिनात जमिनीवरचा एक तंत्रज्ञ ओढला गेला आणि मरण पावला होता. सहवैमानिकाने खुणेचा अर्थ चुकीचा घेतला, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. मास्तरांनी ती घटना आम्हाला कधीही रंगवून सांगितली नाही. फक्त विमान उभे राहिल्यावर पोटाखालचा आणि पाठीवरचा लाल दिवा विझला, इंजिनाच्या पात्यांची फिरण्याची गती उतरली, तरी ते आमच्यापुढे हात आडवा धरून आणखी थोडा वेळ उभे राहत. तो आडवा हात मी आता नव्या मुलांपुढे धरतो.

याच बाबतीत माझ्याकडून पहिल्या वर्षी एक चूक झाली. चाकांना चॉक, म्हणजे ती अडवणारे ठोकळे, लावल्यावर दोन्ही हात वर करून वँड आत ढोसल्यासारखे एकमेकांना टेकवायचे, म्हणजे चॉक लागले. ही खूण मिळाल्यावर वैमानिक ब्रेक सोडू शकतो. तापलेले ब्रेक थंड व्हावेत म्हणून तो बऱ्याचदा सोडतोच. माझा जोडीदार चाकापाशी वाकलेला मी पाहिला आणि काम झाले असे समजून खूण दिली. त्याने चॉक चाकाच्या पुढून लावला होता, मागचा अजून त्याच्या हातातच होता. जमीन सपाट होती, काही घडले नाही. मास्तरांनी मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, “तू काय पाहिलेस? चॉक पाहिलास की वाकलेला माणूस पाहिलास?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी चॉक स्वतः पाहतो, पुढचा आणि मागचा, आणि मगच हात वर जातो.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची नाही, म्हणूनच ती मनात जास्त राहिली आहे. मी ज्या कंपनीत तेव्हा होतो, तिच्याकडे रात्रीसाठी चार्ज करायचे वँड होते आणि ते जुने झाले होते. शिफ्ट सुरू होताना पूर्ण उजळत आणि तासा-दोन तासांत मंदावत. आम्ही तीनदा लेखी कळवले होते. जुलैतल्या एका रात्री पाऊस असा कोसळत होता की ओल्या काँक्रीटवर पिवळी रेषा आणि दिव्यांची प्रतिबिंबे यांत फरक करता येत नव्हता. ए-320 माझ्यासमोर वीसेक मीटरवर असताना डाव्या हातातला वँड मंद झाला आणि विझला. वैमानिकाला आता एकच दिवा हलताना दिसत होता, आणि एका हलत्या दिव्याचा अर्थ तो काय लावेल हे मला ठरवता येत नव्हते. मी उजवा वँड आणि विझलेला वँड ताडकन डोक्यावर एकमेकांवर धरले, म्हणजे तत्काळ थांब. पण त्याआधीच विमान थांबले होते. खुणा देणारा नीट दिसेनासा झाला की थांबायचे, हे त्या माणसाने पाळले. जोडीदाराने धावत दुसरी जोडी आणून दिली, मी पुन्हा दोन्ही हात डोक्यावर उभे धरले आणि सारे पहिल्यापासून केले. एकूण चार मिनिटे उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी उशिराच्या अहवालात ‘कर्मचाऱ्याने साधन तपासले नाही’ असे लिहून माझ्यापुढे सहीला ठेवले. मी सही केली नाही. वँड शिफ्टच्या आरंभी तपासल्याची नोंद रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात होती आणि तीन अर्जांच्या प्रती माझ्याकडे होत्या. पंधरा दिवसांनी नवे वँड आले, अहवालाचे काय झाले ते कोणी सांगितले नाही. खूण करणाऱ्याच्या हातात उजेड देणे हे ज्याचे काम आहे त्याने ते केले नाही, आणि दोष मात्र हात धरणाऱ्याकडे आला, याचा राग मला आजही येतो. आता मी शिफ्टला जाताना स्वतःच्या पैशांनी घेतलेली एक लहान टॉर्च खिशात ठेवतो. तिची गरज पडू नये, हीच इच्छा आहे.

अलीकडे मला विचारतात की आता बेसमोर स्क्रीन लागल्या आहेत, डावे-उजवे आणि उरलेले अंतर वैमानिकाला तीच दाखवते, मग तुम्ही कशाला? एरोब्रिजच्या बेवर स्क्रीन खरोखरच उत्तम काम करते; मध्यरेषा धरण्यात ती माझ्यापेक्षा अचूक आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरीही तिच्या आपत्कालीन स्टॉप बटणापाशी माणूस उभा असतो, कारण पंखाच्या वाटेत मागे घ्यायची राहिलेली ट्रॉली त्याला आधी दिसते. शिवाय दूरच्या बेवर आणि स्क्रीन बंद पडल्यावर आमच्यावाचून चालत नाही. या खुणा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने साऱ्या जगासाठी एकच ठरवल्या आहेत, त्यामुळे कुठूनही आलेला वैमानिक आणि करंजाड्याचा मी एक शब्दही न बोलता एकमेकांना समजतो.

आजीने मात्र मला वेगळेच विचारले होते. घरी जेवताना मी तिला मूठ मिटण्याची खूण करून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, “आणि त्याने अंगठा दाखवलाच नाही तर?” मी म्हणालो, “तर उभे राहायचे, आजी.” तिला ते पटले. खाचरात पाणी सोडायला माणूस बांधावर पाठवला की त्याने पलीकडून हाक देईपर्यंत आजोबाही असेच उभे राहत, असे ती म्हणाली.

आज पहाटेच्या शिफ्टला शेवटचे विमान मी पाठवले ते पुशबॅकनंतर, म्हणजे ते बेवरून मागे ढकलल्यावर. ढकलणारा टग सुटला, त्याला विमानाशी जोडणारा टो-बार निघाला, ढकलताना पुढच्या चाकाचे स्टिअरिंग वैमानिकाच्या ताब्यातून सोडवून ठेवणारी बायपास पिन मी काढली आणि हेडसेटची वायर गुंडाळून विमानापासून दूर, वैमानिकाला दिसेल अशा जागी येऊन उभा राहिलो. पिनेला लांब लाल पट्टी असते. ती उंच धरली, म्हणजे चाक आता तुझ्या ताब्यात आहे. पूर्वेला उजाडत होते आणि काच सगळी केशरी झाल्यामुळे आतले काही दिसत नव्हते. मी पट्टी तशीच धरून ठेवली. विमान किंचितही हलले नाही. मग काचेच्या खालच्या कोपऱ्यात, जेथे सावली होती तेथे, एक पांढरी बाही आणि वर केलेला अंगठा दिसला. मी सलाम केला, विमान निघाले आणि पिन मी पिशवीत टाकली.