हक्कसोडपत्र वाचून दाखवताना

मृत्युपत्रे, वाटणीपत्रे आणि हक्कसोडपत्रे यांचे मसुदे करणे हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्यामुळे वारसा हा शब्द कानावर पडला की माझे लक्ष आधी कलमांकडे जाते, मग माणसांकडे. एका सकाळी मात्र हा क्रम उलटला. त्या दिवसाची ही हकीकत आहे. संबंधितांची ओळख पटेल असे काही मी यात लिहिलेले नाही.

दोन भाऊ होते. आईवडील मृत्युपत्र न करता वारले होते आणि मालमत्तेत दोघांचा हिस्सा सारखा होता. थोरल्याने आठवडाभर आधी येऊन मला हक्कसोडपत्राचा मसुदा करायला सांगितले होते. धाकटा आपला हिस्सा थोरल्याच्या नावे कायमचा सोडून देणार होता आणि त्याच्या मोबदल्यात त्याला रोख रक्कम मिळणार होती. मालमत्तेचा मूल्यांकन अहवाल थोरल्यानेच माझ्याकडे दिला होता. त्यावरून हिशेब केला, तेव्हा ठरलेली रक्कम धाकट्याच्या हिश्श्याच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी भरत होती. "अहवाल त्याला दाखवायची गरज नाही, मॅडम. त्याला पैशांची निकड आहे, तो सही करून मोकळा होईल," असे थोरला म्हणाला. जाता जाता त्याने हेही सांगितले की, हे काम सुरळीत पार पडले तर त्यांच्या व्यवसायाची सगळी कागदपत्रे यापुढे माझ्याकडेच येतील. माझे अशील थोरले बंधू होते. धाकट्याने विचारले नाही, तर आपण होऊन त्याला काही सांगण्याचे बंधन माझ्यावर नव्हते. घरच्या कर्जाचे दोन हप्ते थकले होते. मी अहवाल टेबलाच्या खणात ठेवला.

ठरलेल्या दिवशी धाकटा रात्रपाळी संपवून थेट माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल झाले होते. खुर्चीवर बसण्याआधीच त्याने खिशातले पेन काढून त्याचे टोपण उघडले. "ताई, सही कुठे करायची तेवढे दाखवा," असे म्हणून त्याने लगेच विचारले, "रक्कम आजच मिळेल ना?" कुणाचे तरी देणे त्याला संध्याकाळपर्यंत चुकते करायचे होते. कागद आधी वाचून घ्या, असे मी सवयीने म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "वाचून काय करू? उद्याचं उद्या बघू. आजचा दिवस निघाला तर पुढचं."

त्याचे हे बोलणे ऐकून मला रविवारचा पाठ आठवला. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलमध्ये मी मोठ्या मुलांना शिकवते. त्या आठवड्यात बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातला एसावाचा प्रसंग होता. एसाव रानातून थकून येतो. त्याचा जुळा धाकटा भाऊ याकोब वरण शिजवत असतो. एसावाला त्या पदार्थाचे नावसुद्धा घ्यायला सवड नाही. ते तांबडे, ते तांबडे मला दे, एवढेच तो म्हणतो. याकोब त्याच्याकडे ज्येष्ठत्वाचा, म्हणजे थोरल्या मुलाचा वारसाहक्क मागतो आणि मूळ हिब्रू मजकुरात तो दोन्ही वेळा 'आज' हा शब्द वापरतो: आज विक, आज शपथ वाहा. मी तर मरणारच आहे, मला या हक्काचा काय उपयोग, असे एसावाचे उत्तर आहे. अध्यायाच्या शेवटच्या वचनात एकापाठोपाठ पाच क्रियापदे येतात. तो जेवला, प्याला, उठला, निघून गेला आणि त्याने आपला हक्क तुच्छ मानला. खत लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर व्यवहार पूर्ण आहे. मोबदला ठरला, शपथ झाली, ताबा दिला. त्यात कायद्याची चूक काढता येत नाही.

मुलांसाठी पाठ तयार करताना मी वयांचा हिशेब मांडला होता. वारसांची वये काढण्याची मला सवयच आहे. एसावाचा आजोबा अब्राहाम १०० वर्षांचा असताना एसावाचा बाप इसहाक जन्मला, इसहाक ६० वर्षांचा असताना ही जुळी मुले झाली आणि अब्राहाम १७५ व्या वर्षी वारला. म्हणजे आजोबा गेले, तेव्हा एसाव १५ वर्षांचा होता. पृथ्वीवरची सर्व कुळे ज्या वंशाच्या द्वारे आशीर्वादित व्हायची, त्या वंशाचे वचन ज्याला मिळाले, तो माणूस एसावाच्या डोळ्यांसमोर वावरत होता. ऐकीव गोष्ट म्हणून त्याला हा हक्क दूरचा वाटला असेल, असे म्हणायला मला जागा दिसत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात एसावाला ऐहिक बुद्धीचा म्हटले आहे, ते मला या हिशेबानंतर कळले. वचनावर त्याने अविश्वास दाखवला, असे तिथे म्हटलेले नाही. एका जेवणापुढे त्याला ते हलके वाटले, हाच त्याच्यावरचा ठपका आहे.

धाकट्याचे पेन कागदावर टेकायच्या बेतात होते. त्याच्याकडे पाहून हा एसाव आहे, हे माझ्या मनात आधी आले आणि त्याची कीवही आली. मग लक्षात आले की भांड्याजवळ पळी घेऊन मी बसले आहे. त्याच्या निकडीवर बेतलेला मसुदा मी केला होता, आणि ज्या कागदाने त्याचे डोळे उघडले असते, तो माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर खणात होता. पण त्याहून जड असे आणखी एक होते. दोन थकलेले हप्ते आणि पुढच्या कामाचे आश्वासन यांसाठी मी माझे जे काही सोडून देत होते, त्याची नोंद कोणत्याही दस्तात होणार नव्हती. आपण देवाचे वारस आणि ख्रिस्ताचे सोबतीचे वारस आहोत, हे रोमकरांस लिहिलेल्या पत्रातले वचन मी मुलांकडून पाठ करून घेतले होते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा, म्हणजे वारशाचा, विसार म्हटले आहे. विसाराच्या पावत्या मी कितीतरी लिहिल्या आहेत. ज्याला घ्यायचे असते तो विसार देतो आणि आपला शब्द बांधून घेतो. इथे देणाऱ्यानेच विसारही दिला आहे, आणि तो म्हणजे त्याचा स्वतःचा आत्मा. तो विसार पदरी असलेली मी, खण बंद ठेवून बसले होते.

मी खण उघडला आणि अहवाल धाकट्यासमोर ठेवला. "सही करण्यापूर्वी हा शेवटचा आकडा पाहा. तुमच्या हिश्श्याची किंमत एवढी आहे. मी तुमच्या बाजूची वकील नाही, म्हणून तुम्ही दुसऱ्या कुणाचा सल्ला घेऊन मग ठरवा," असे मी म्हणाले. थोरल्याचा चेहरा उतरला. तो काही बोलणार, तेवढ्यात धाकट्याने मला कागद मोठ्याने वाचायला सांगितला.

मी सावकाश वाचत गेले. पाचव्या कलमात नेहमीचा मजकूर होता, जो मी शेकडो वेळा लिहिला असेन: "सदर मिळकतीवर यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा कोणत्याही प्रकारचा हक्क राहिलेला नाही व राहणार नाही." त्याने मला थांबवले. कागद आपल्याकडे फिरवून घेतला आणि 'वारसांचा' या शब्दावर बोट ठेवले. नखाच्या कडेला यंत्राचे काळे तेल होते. त्याचा बारीक डाग कागदावर उमटला. "म्हणजे माझ्या मुलीचाही नाही?" मी हो म्हणाले. तो बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिला. मग पेनाला टोपण लावून तो उठला आणि निघून गेला. थोरल्याने अहवाल उचलला. माझ्यावर विश्वास टाकून चूक झाली, असे तो म्हणाला. मी त्याची क्षमा मागितली, कारण त्याचे काम स्वीकारतानाच अहवाल धाकट्यापासून लपवणार नाही, ही अट मी सांगायला हवी होती आणि ती मी सांगितली नव्हती.

त्या रात्री मला समाधान वाटले, असे मी लिहिणार नाही. हप्त्यांचा आकडा पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत होता. प्रार्थनेला बसले, तरी मन हिशेबाकडे धावत होते. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आरंभी अविनाशी, निर्मळ आणि अक्षय अशा वतनाचा उल्लेख आहे, आणि ते वतन स्वर्गात राखून ठेवलेले आहे. हे वचन मी त्या रात्री दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी 'राखून ठेवलेले' या शब्दापाशी मी थांबले आणि मग झोप लागली.

पाच महिन्यांनी धाकटा पुन्हा आला. त्या दिवसानंतर आठवडाभरातच त्याने दुसरीकडे जाऊन सही केली होती. रक्कम थोडी वाढवून मिळाली होती, ती आता संपली होती. हे फिरवता येईल का, असे त्याने विचारले. त्याने आणलेली प्रत मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. फसवणूक नव्हती, दडपण नव्हते, आणि हिश्श्याची खरी किंमत तर त्याला माहीत होती. नाही, असे मला सांगावे लागले. तो मान खाली घालून रडला. एसावानेही पुढे रडून आशीर्वाद मागितला होता, हे मला ठाऊक होते. पण ते वचन त्या क्षणी त्याला ऐकवणे मला क्रूरपणाचे वाटले.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "ताई, आईची प्रार्थना पण मी सोडून दिली. बाप्तिस्मा झालाय माझा, पण किती वर्षांत मंडळीत गेलो नाही. तेही गेलंच असेल आता." या प्रश्नाचे उत्तर माझ्या पेशात नव्हते, तरी मला ते देता येत होते. घराचा हिस्सा सहीने गेला, तो परत येणार नाही, हे मी त्याला पुन्हा स्पष्ट सांगितले. मग येशूने सांगितलेल्या त्या धाकट्या मुलाची गोष्ट सांगितली, ज्याने बापाच्या हयातीतच वाटा मागून घेतला, दूर देशी उधळला आणि घरी परतताना मजूर म्हणून ठेवून घेण्याची विनंती मनात घोकली. बापाने त्याला दुरूनच पाहिले आणि धावत जाऊन गळ्यात मिठी घातली. ती विनंती पुरी बोलूनही होऊ दिली नाही. माझा हा मुलगा मेला होता, तो पुन्हा जिवंत झाला आहे, असे बाप म्हणाला.

"हे कुठे लिहिलंय?" त्याने विचारले. जुन्या मसुद्याची एक प्रत माझ्याकडे होती. तिच्या कोऱ्या मागच्या बाजूवर मी लिहून दिले: लूक, अध्याय १५, वचन ११ पासून. त्याने कागदाची घडी घातली आणि मघाशी आणलेल्या प्रतीवर न ठेवता वेगळी, शर्टाच्या खिशात ठेवली.