कैलास की औंढा? दीर्घिका कशा रचल्या गेल्या

वेरूळचं कैलास लेणं एकाच खडकातून, कळसाकडून पायाकडे कोरत आणलं. औंढा नागनाथचं देऊळ मात्र घडीव दगडावर दगड चढवत उभं राहिलं. दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, यांतल्या कोणत्या रीतीने घडल्या, यावर खगोलशास्त्रात बरीच वर्षं वाद होता.

१९६२ साली एगन, लिंडन-बेल आणि सँडेज यांनी कैलासाची बाजू मांडली: वायूचा एक अवाढव्य ढग आत कोसळला आणि आपली आकाशगंगा झाली. तसं असेल तर आत, नंतर जन्मलेल्या ताऱ्यांना आधीच्या ताऱ्यांनी बनवलेली जड (हेलियमहून जड) मूलद्रव्यं जास्त मिळाली असती. म्हणजे केंद्रापासून दूर जाताना गोलाकार तारकागुच्छांतलं (ताऱ्यांच्या दाट, गोल जुडग्यांतलं) त्यांचं प्रमाण उतरत जायला हवं. १९७८ मध्ये सर्ल आणि झिन यांनी बाहेरचे गुच्छ तपासले, तर तसा उतार सापडलाच नाही. म्हणजे ते वेगवेगळ्या छोट्या तुकड्यांत जन्मले आणि मागाहून येऊन मिळाले. मला हा युक्तिवाद फार देखणा वाटतो.

हे दगड, म्हणजे छोटे तुकडे, घडले कसे, ते जास्त गुंतागुंतीचं आहे. महास्फोटानंतर ३,८०,००० वर्षांनी विश्वात दाट-विरळपणाचा फरक जेमतेम लाखात एक होता. साध्या द्रव्याच्या पाचपट असलेल्या कृष्णद्रव्याने (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाने जाणवणाऱ्या द्रव्याने) आधी गोळे धरले, तारे जन्माला घालू शकणारे पहिले गोळे काही लाख सूर्यांच्या वजनाचे. त्यांत वायू ओढला गेला की तो तापतो, आणि तापलेला वायू आकसत नाही. उष्णता बाहेर टाकायला हायड्रोजनचे रेणू लागतात. ते वायूला २०० केल्विनच्या आसपास आणतात, तेव्हा कुठे पहिले तारे पेटतात.

इथेच काम अडतं. त्याच ताऱ्यांचा अतिनील प्रकाश रेणू फोडतो, आणि मोठे तारे स्फोट पावले की हलक्या गोळ्यातला वायू उधळून जातो. गोळे एकमेकांत मिसळून सुमारे १० कोटी सूर्यांच्या वजनाला पोचले, की आतला वायू १०,००० अंशांपर्यंत तापतो. मग रेणूंवाचून, हायड्रोजनचे अणूच त्याला थंड करतात. वायू धरून ठेवण्याइतकं गुरुत्वही आता असतं.

जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली ‘फायरफ्लाय स्पार्कल’ दीर्घिका महास्फोटानंतर ६० कोटी वर्षांनीची आहे. तिच्यात १० तेजस्वी गुच्छ सुटे-सुटे दिसतात. बांधकाम चालू असतानाचंच चित्र.

असा एक तुकडा मराठवाड्यातूनही दिसतो. ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ बहुधा आकाशगंगेने गिळलेल्या छोट्या दीर्घिकेचा उरलेला गाभा आहे. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा नक्षत्राचा ठळक तारा बरोबर दक्षिणेवर येतो. तिथून सरळ खाली या. क्षितिजापासून हात लांब करून दोन मुठींहून जरा वर, अंधूक कापसासारखा ठिपका. अमावस्येच्या आसपासची रात्र धरा. मेमध्ये खालच्या आकाशात धूळ असते, म्हणून वळवाचा पाऊस पडून गेल्यावर आभाळ निवळलं की बघा, आणि दक्षिणेला गावाचे दिवे येणार नाहीत अशी जागा निवडा. १०×५० द्विनेत्रीत गोल धूसर डाग दिसेल. सहा-आठ इंची दुर्बिणीत सुटे तारे दिसतात.