बोलोन्यातल्या तीन संध्याकाळी

इटलीतल्या बोलोन्या शहरात तीन संध्याकाळी मिळाल्या आणि तिन्ही आम्ही नुसत्या भटकण्यात घालवल्या. जूनमध्ये तिथे नऊपर्यंत उजेड, त्यामुळे जेवायची वेळ झालीये हे फक्त पोटच सांगतं.

पिआत्झा माज्जोरे या मुख्य चौकात गेलो, तिथे सान पेत्रोनिओ चर्चचा दर्शनी भाग खाली संगमरवरी आणि वर नुसत्या विटा, शेकडो वर्षं तसाच अर्धवट, आणि त्याच्या पायऱ्यांवर पोरं जेलातो (तिथलं आइस्क्रीम) खात बसलेली. समोरच्या पोदेस्ता वाड्याच्या कमानीखाली भारी गंमत आहे, कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं. नवऱ्याने तिकडून विचारलं, "अगं, भूक लागली का?" मी इतकी दचकले की शेजारच्या आजी खो खो हसल्या.

मग ऑस्तेरिया देल सोले ही वाईन प्यायची जागा, १४६५ पासूनची, तिथे फक्त पिणं मिळतं, खाणं आपलं आपण न्यायचं! आम्ही बाजूच्या गल्लीतून मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाच्या जाड सॉसेजचे काप) आणि ब्रेड घेतला, माझ्या पर्समध्ये घरची शेंगदाण्याची चटणी होतीच (हसू नका, वाईनबरोबर झकास लागते).

नंतर प्रातेल्लो रस्त्यावर गेलो तर नुसता कल्ला, विद्यार्थी ग्लास घेऊन रस्त्यातच उभे, १०८८ पासूनचं विद्यापीठ आहे म्हटल्यावर हे चालायचंच. मध्येच पाऊस आला पण कोणी हललं नाही, जुन्या शहरात घरांखालून जाणाऱ्या कमानींचे फुटपाथ आहेत ना, पोर्तिको म्हणतात, त्यामुळे हॉटेलपर्यंत जवळजवळ कोरडेच आलो, छत्री पिशवीतच राहिली.